फ्लोराइड घातलं की कुठलाही चॅनेल मोजता येतो?

पाषाणपासून हिंजवडीपर्यंत, पॅच क्लॅम्पवर (पेशीच्या पडद्यातल्या आयनांच्या वाटांचा, म्हणजे चॅनेलचा, विद्युतप्रवाह मोजण्याचं तंत्र) काम शिकणाऱ्या मुलामुलींच्या फोनवर एक सल्ला फिरतोय: "ऑटोमेटेड मशीनवर इंटर्नलमध्ये फ्लोराइड घाला, सील गिगाओममध्ये जातो. सील चांगला म्हणजे डेटा चांगला. मग चॅनेल कुठलाही असो, रेसिपी तीच." (इंटर्नल म्हणजे पेशीच्या आतल्या बाजूचं द्रावण; सील म्हणजे पेशीचा पडदा आणि मशीनच्या छिद्राची कड यांतला घट्ट जोड, त्याचा विरोध अब्जावधी ओहम म्हणजे गिगाओममध्ये गेला की तो चांगला.) नवी मुलं हा सल्ला डोळे झाकून पाळतात, आणि त्यात महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फ्लोराइडने सील सुधारतो, यात वाद नाही. हर्ग या हृदयातल्या पोटॅशियम चॅनेलसाठी पोटॅशियम फ्लोराइडचं इंटर्नल सर्रास वापरतात, ते ठीकच आहे.

पण "सील चांगला म्हणजे डेटा चांगला" हे चूक आहे. सीलवरून कडेने गळती किती होते एवढंच कळतं. आतला चॅनेल कोणत्या अवस्थेत आहे, ते कळत नाही. सोडियम चॅनेलच घ्या. फ्लोराइडमुळे त्यांच्या इनॅक्टिव्हेशनचा (चॅनेल तात्पुरता निकामी होण्याचा) वक्र ऋण व्होल्टेजकडे सरकतो, नेव्ह 1.3 या सोडियम चॅनेलवर हे दिसलेलं आहे. होल्डिंग व्होल्टेज (मोजणीआधी पेशी ज्या व्होल्टेजवर धरून ठेवतात ते) मात्र तुम्ही जुन्या पेपरमधून जसंच्या तसं उचललेलं असतं. मग जास्त चॅनेल आधीच इनॅक्टिव्हेट झालेले असतात, आणि त्या अवस्थेला चिकटणारं औषध आहे त्यापेक्षा प्रभावी दिसतं. सील उत्तम, आयसी 50 (करंट निम्म्यावर आणणारं औषधाचं प्रमाण) चुकीचा. आधी आपल्याच पेशींवर, आपल्याच इंटर्नलमध्ये वक्र काढा, मग होल्डिंग ठरवा.

"चॅनेल कुठलाही असो" हा भाग तर साध्या गणितातच कोसळतो. कॅल्शियम फ्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (तो पाण्यात किती विरघळतो याचं माप) साधारण 3.5 × 10⁻¹¹. इंटर्नलमध्ये 110 मिलिमोलर फ्लोराइड असेल, तर मोकळं कॅल्शियम 3 नॅनोमोलरच्या आसपासच राहू शकतं. स्वस्थ पेशीतसुद्धा ते 100 नॅनोमोलरच्या घरात असतं, आणि नेहमीच्या व्होल्टेजला बीके चॅनेल उघडायला मायक्रोमोलर, म्हणजे नॅनोमोलरच्या हजारपटीत, लागतं. वरून कॅल्शियम क्लोराइड टाकाल तर बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसेल. बीके, एसके, टीएमईएम 16ए या कॅल्शियमने उघडणाऱ्या चॅनेलसाठी फ्लोराइड नकोच.

कॅल्शियम चॅनेलचंही तेच. गोगलगायीच्या चेतापेशींत आतून फ्लोराइड सोडलं की कॅल्शियम करंट नाहीसा होतो, हे कोस्त्यूक, क्रिश्ताल आणि पिडोप्लिच्को यांनी 1975 मध्येच दाखवलं. शिवाय अॅल्युमिनियमचा अंश असला तरी फ्लोराइड जी-प्रोटीन (रिसेप्टरचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) जागं करतं, त्यामुळे जी-प्रोटीनने उघडणाऱ्या जीआयआरकेसारख्या चॅनेलवर रिसेप्टरचा परिणाम मोजणंच अवघड होतं. आणि केएटीपी चॅनेल आतल्या एटीपीने (पेशीच्या ऊर्जेच्या इंधनाने) बंद होतो. तिथे इंटर्नलमध्ये एटीपी किती, हाच खरा प्रयोग, म्हणून ठरलेली एकच रेसिपी चालत नाही.

फ्लोराइडविना मशीनच्या प्लेटवरच्या कमी विहिरींत (पेशी टाकायच्या खाचांत) सील जमतो, ही अडचण खरी आहे. तरी पेशी निरोगी ठेवून, बाहेरचं कॅल्शियम सील होईपर्यंत वाढवून, गरज पडली तर एस्किनने (पडद्याला बारीक छिद्रं पाडणाऱ्या रसायनाने) परफोरेटेड पद्धत वापरून बराच पल्ला गाठता येतो. कमी विहिरींतला खरा करंट मला केव्हाही चालेल.

"रेसिपी तीच" म्हणणाऱ्यांना आणखी एक. सीझियम फ्लोराइड हवेतली ओल झपाट्याने शोषतं. पुण्याच्या जुलैत बाटली उघडी राहिली, तर तराजूवर क्षारासोबत पाणीही तोललं जातं आणि ऑस्मोलॅरिटी (द्रावणातल्या विरघळलेल्या कणांचं प्रमाण) कमी भरते. डेसिकेटरमध्ये ठेवा, द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, आणि प्रत्येक बॅच ऑस्मोमीटरवर तपासल्याशिवाय मशीनवर चढवू नका.