'मिरवायला' म्हणालात म्हणून: नळाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरच्या केगरेटरला, म्हणजे आत केग (पेयाच्या दाबबंद टाक्या) ठेवून दाराबाहेर नळ काढलेल्या फ्रिजला, बियरचे नवे स्टीलचे नळ बसवले आणि त्यातून कोकम सोडा कसा येतो, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली सकाळी लिहा. सकाळ झाली, राग काही पुरता गेलेला नाही, तरी लिहितो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की फेस नळामुळे येत नाही, गॅसचा दाब आणि नळीची लांबी यांचा मेळ नसला की येतो. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टीलसुद्धा समुद्राकाठी डागाळतं. जुना नळ काढताना नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते मी सांगितलं नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "काका, जहाजावरचे पैसे आहेत म्हणून नळ बदललात, फेस काही नळ बदलून जात नाही, पाहुण्यांपुढे मिरवायला मात्र झकास."

नटाचं तुमचं बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. शँकवरचा (दारातून आरपार जाणारी जी नळी नळाला धरते तिच्यावरचा) तो कडीसारखा नट नळाच्या मागच्या बाजूला असतो आणि नळाच्या आट्यांवर चढतो. त्यामुळे समोर उभं राहून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सैल होतो. नेहमीच्या सवयीने कोणी उलटा फिरवत बसला तर नट आणखी आवळेल, आणि हुकपाना नसताना साध्या पान्याने जोर लावला तर कडा झिजतील. हे लेखात यायला हवं होतं. आज घातलं आहे. आभार.

आता 'मिरवायला'.

तुम्ही मला काका म्हणालात, ठीक आहे, वय झालं आहे. पण आधी काका म्हणायचं आणि त्याच दमात माणसाच्या पैशांवर बोट ठेवायचं, ही आपल्याकडची रीत नव्हे. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावात उभं राहून लोक एकमेकांशी भांडतात, पण कोणाच्या घरात पैसा कुठून आला ते काढत नाहीत. जहाजावरचे पैसे म्हणजे काय ते एकदा तरी विचारायचंत. चोवीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली आहेत. कानाला बंद, पाठीला घामोळं, आणि मुलीची पहिली तीन वर्षं फोटोत पाहिली. त्या पैशांतून मी गाडी घेतली नाही. घराची कौलं शाकारली, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं, आणि निवृत्त झाल्यावर एक जुना उभा फ्रिज घेऊन, दाराला भोकं पाडून त्याचा केगरेटर केला. एकोणीस लिटरचे दोन केग मावतात. एकात साधा सोडा, एकात कोकम. बियर आमच्या घरी नाही. नळ मात्र बियरचे आहेत, कारण केगवर हेच नळ बसतात.

आता मिरवण्याजोगं त्यात काय होतं ते सांगतो.

२०१८ साली मी जो तयार संच मागवला, त्यात पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेले साधे नळ होते. दिसायला चकचकीत. मिरवायचंच असतं तर तेच पुष्कळ होते, स्टीलचे नवे नळ त्यांच्यापुढे निस्तेज दिसतात. हे साधे नळ मागून बंद होतात. म्हणजे दांडी मागे लोटली की बूच नळाच्या मागच्या टोकाला बसतं आणि पुढच्या पोकळीत जे पेय उरतं ते तोटीतून निथळतं. निथळायला हवा लागते म्हणून नळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. पेय निथळतं, पण त्याचा थर आतच राहतो आणि हवेवर वाळतो. बियरचा थर वाळून चिकट होतो, तिथे कोकमाचा पाक काय करत असेल विचार करा. सकाळी उठून पडवीत गेलो की मुंग्यांची रांग फ्रिजच्या दारावरून चढून त्या भोकात शिरलेली असायची. मे महिन्यात चिलटं. पहिला ग्लास रोज ओतून टाकायचा, कारण त्यात काय येईल याचा भरवसा नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्याकडे माड पडले, खांब पडले, आणि तीन आठवडे वीज नव्हती. केग मी रिकामे करून धुतले होते, नळ धुवायचे राहिले, तेव्हा डोक्यावरच्या पत्र्यांची काळजी होती. वीज आली, केग भरले, दोन दिवसांनी पहिला ग्लास आईला दिला. तिने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "कळकलंय रे."

हा शब्द तुम्हाला माहीत असेल अशी आशा आहे. पितळेच्या भांड्यावरची कल्हई गेली आणि त्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते. आमच्या लहानपणी वर्षातून एकदा कल्हईवाला अंगणात भट्टी लावायचा, नवसागराचा धूर घरभर व्हायचा, आणि तो येऊन जाईपर्यंत आंबट म्हणून काही त्या पातेल्यांत शिजायचं नाही. सोलकढी तर कधीच नाही, ती मातीच्या किंवा दगडी भांड्यात. ज्या बाईला दाब, शँक, केग यातलं काही ठाऊक नाही, तिने एका घोटात सांगितलं की हे पितळ आहे आणि याची कल्हई गेलेली आहे.

मी त्याच संध्याकाळी नळ काढून सुटा केला. बाहेरून क्रोम शाबूत. आत बॅटरी लावून पाहिलं तर तोटीच्या वरच्या वळणावर नखाएवढा भाग पिवळाधमक, आणि त्याच्या कडेने हिरवट पूड. बोटाने पुसली तर बोटाला लागली. ती पूड किती दिवस आमच्या ग्लासांत उतरत होती कोण जाणे. घरी भाचीची मुलं सुट्टीला आली की दिवसाला चार-चार ग्लास पितात.

बियरचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण चार ते साडेचार असतो, कोकम त्याहून बरंच आंबट. वर त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला, म्हणजे आंबटात आणखी भर. अमेरिकेच्या अन्नसंहितेत नियमच आहे की सहाच्या खाली पीएच असलेल्या पदार्थाला तांबं किंवा पितळ लागता कामा नये, आणि उदाहरणं दिली आहेत व्हिनेगर, फळांचा रस, वाइन यांची. आपल्या आज्या हे कागदाशिवाय पाळत होत्या. पितळेचं काय होतं ते मी जहाजावर हजारदा पाहिलं आहे. समुद्राच्या पाण्याच्या लाइनवर साधं पितळ लावलं की त्यातलं जस्त निघून जातं, मागे गुलाबी, सच्छिद्र तांबं उरतं, आणि एक दिवस व्हॉल्व्हचा स्टेम हातात येतो. दुरुस्तीला रात्री दोन वाजता उठलेलो आहे त्यासाठी. तुम्ही उठला होतात का? नसाल तर नळ कशासाठी बदलला हे मला शिकवू नका.

तरी मी एकदा चूक केली, तीही सांगतो. २०२० ला पैसे वाचवायला तसाच मुलाम्याचा नळ पुन्हा घेतला. विकणाऱ्याने सांगितलं की हा जाड क्रोमचा आहे. तीन पावसाळे गेले आणि तोही आतून पिवळा पडला. तेव्हा ठरवलं की आता पूर्ण स्टीलचा आणि पुढून बंद होणारा. पर्लिकसारख्या कंपन्या असे नळ करतात. यात बूच तोटीच्या अगदी तोंडाशी बसतं, मागची पोकळी कायम पेयाने भरलेली राहते, हवा आत शिरत नाही, म्हणून थर वाळत नाही. दांडी चिकटत नाही. मुंग्यांना जायला भोकच नाही. त्यातली ओ-रिंग झिजते, ती अधूनमधून बदलावी लागते आणि तिला खाद्य दर्जाचं ग्रीस लावावं लागतं, पण एवढं करायला माझी तक्रार नाही.

नवीन नळातून आलेला पहिला ग्लास मी आईच्याच हातात दिला. तिने पूर्ण प्यायला. काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं. आता सांगा, यात पाहुणा कुठे आला आणि मिरवणं कुठे आलं?

तुमच्या शब्दाचं मला एवढं का लागलं तेही सांगतो. आमच्या गावात कोणी काही नवीन केलं, की पहिला प्रश्न हाच असतो, कोणाला दाखवायला केलंस? संडास बांधला तरी दाखवायला, सोलर बसवला तरी दाखवायला. माझ्या वडिलांनी ओटीवर पहिला पंखा लावला तेव्हाही हेच ऐकलं होतं, आणि त्यांनी तो पंखा पुढे दोन उन्हाळे पाहुणा आला की बंद ठेवला. घरची माणसं घामाने भिजायची. मी लहान होतो, पण ते विसरलो नाही. म्हणून हा शब्द मी सोडणार नाही, कितीही जणांनी 'जाऊ द्या हो काका' लिहिलं तरी.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

३०४ डागाळतं, हो, डागाळतं. खाऱ्या हवेत त्यावर चहासारखे तपकिरी ठिपके येतात. ३१६ दर्जाच्या स्टीलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो म्हणून ते मिठाला जास्त टिकतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण माझा नळ पडवीत आहे, धक्क्यावर नाही, आणि रोज ओल्या फडक्याने पुसला जातो. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मी त्यातून देत नाही, कारण त्यात मीठ असतं. साखरेचा पाक केलेलं कोकमच देतो. हे लेखात स्पष्ट होतं. नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं.

फेसाचं. दाब आणि नळीची लांबी यांचा मेळ लागतो, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. बियरला दहा-बारा पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) पुरतात आणि तीन सोळांश इंच आतल्या व्यासाची दहा फूट नळी चालते. सोड्याला पंचवीस-तीस पीएसआय लागतात, म्हणून नळी वीस-पंचवीस फूट घ्यायची, नाहीतर वेगावर ताबा ठेवणारा नळ घ्यायचा. संचाबरोबर आलेली पाच फुटी नळी सोड्याला उपयोगाची नव्हतीच. ती मी नवीन नळ बसवला त्याच दिवशी काढून चोवीस फुटांची गुंडाळी आत ठेवली. लेखात ते लिहायचं राहून गेलं. नळावरच लिहीत होतो, प्रत्येक गोष्ट प्रत्येक लेखात येत नाही. फेस कमी झाला हे मी लिहिलं ते खरं आहे, ग्लास समोर होता. त्यात नळीचा वाटा किती आणि नळाचा किती, याची मापं काढत बसायला मी प्रयोगशाळा चालवत नाही. पण जुन्या नळातल्या वाळलेल्या थरावर आपटून पेय फेसाळतं, हेही तुम्ही खोडून दाखवलेलं नाही. शिवाय मे महिन्यात पडवीत तेहेतीस अंश असतात, नळ बाहेर, केग आत चार अंशांवर. गरम धातूला लागून पहिला ग्लास फेसाळणारच, मग नळी शंभर फूट का असेना. एवढं तुमच्या प्रतिक्रियेत कुठे होतं?

तुमच्या खाली आणखी दोघांनी 'अगदी बरोबर' असं लिहिलं आहे. त्यातल्या एकाने तर लेख वाचलेलाच नाही, तो नळ म्हणजे पाण्याचा नळ समजून बोलतो आहे. अशांच्या पाठिंब्यावर फार विसंबू नका.

प्रश्न विचारा, चूक दाखवा, नटाची दाखवलीत तशी. त्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी एका वाचकाने क्षारयुक्त क्लीनरचं प्रमाण चुकलेलं दाखवलं, तर त्याच दिवशी दुरुस्त करून त्याचे आभार मानले होते. पण त्याने मला काका म्हणून टोमणा मारला नव्हता.

नळीची लांबी आज लेखात घातली आहे, नटाच्या शेजारी. दोन्ही जुने नळ मी टाकलेले नाहीत, पडवीतल्या कपाटात खालच्या खणात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. दापोलीकडे कधी आलात तर बॅटरी घेऊन या आणि तोटीच्या वरच्या वळणावर स्वतः पाहा. आई घरीच असते. तिने दिलेलं कोकम घ्या, आणि तो शब्द मागे घ्यायचा की नाही ते तिच्यासमोर ठरवा.