डॉजर्सनी विजेतेपद विकत घेतलं म्हणे!

डॉजर्सनी, म्हणजे लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघाने, २०२५ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकली तेव्हापासून एक दावा इतका फिरतोय की तो तपासून बघायची कुणाला गरजच वाटत नाही. दावा असा: बेसबॉलमध्ये पगारखर्चावर कमाल मर्यादा नाही, म्हणून लॉस एंजेलिससारखे पैसेवाले संघ विजेतेपद विकत घेतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९४ पासून सॅलरी कॅप, म्हणजे अशी मर्यादा, आहे, म्हणून तिथे दरवर्षी कुणालाही संधी असते. तेव्हा बेसबॉललाही कॅप लावा, छोट्या शहरांच्या संघांचं भलं होईल. पुरावा म्हणून डॉजर्सच्या शोहेई ओतानीचा ७० कोटी डॉलरचा करार आणि डॉजर्सची लागोपाठ दोन विजेतेपदं पुढे केली जातात. इथल्या आपल्या मराठी मंडळींत त्याला आणखी एक शेपूट जोडलेलं असतं: आयपीएलमध्ये बघा, सगळ्यांना सारखी पर्स!

मी न्यूयॉर्कच्या संघांचा चाहता: बेसबॉलमध्ये मेट्सचा आणि फुटबॉलमध्ये जेट्सचा. म्हणजे एकीकडे पैशाला तोटा नसलेला संघ आणि दुसरीकडे बाकी एकतीस जणांइतकाच पैसा खर्च करायची परवानगी असलेला संघ, दोन्ही घरचेच. मेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९८६ मध्ये. जेट्सनी एकमेव सुपर बोल (फुटबॉलचा अंतिम सामना) जिंकला जानेवारी १९६९ मध्ये, आणि २०१० च्या हंगामानंतर ते प्लेऑफमध्येही पोचलेले नाहीत. एकाला कॅप नसल्याचं फळ मिळालं नाही, दुसऱ्याला कॅपने तारलं नाही. असो, आता मुद्द्यांकडे.

आधी ‘फुटबॉलमध्ये सगळ्यांची पाळी येते’ हे घेऊ, कारण ते नुसती बोटं मोजून तपासता येतं. २००१ ते २०२४ हे चोवीस हंगाम घ्या. बेसबॉलमध्ये या काळात १६ वेगवेगळे संघ विजेते झाले. फुटबॉलमध्ये १३. त्यातली सहा विजेतेपदं एकट्या पेट्रियट्सची, तीन चीफ्सची. पेट्रियट्सनी २००१ ते २०१९ या एकोणीस हंगामांत आपला विभाग सतरा वेळा जिंकला, आणि त्या विभागात आमचे जेट्सही होते, त्यामुळे ही आकडेवारी मला शोधावी लागली नाही. आजवर वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही न पोचलेला बेसबॉल संघ तीसपैकी एकच आहे, सिॲटल मरिनर्स. सुपर बोलचं तोंड न पाहिलेले फुटबॉल संघ चार आहेत: ब्राउन्स, लायन्स, जॅग्वार्स आणि टेक्सन्स.

याहून बोलका हिशेब एएफसीचा आहे, म्हणजे ज्या दोन गटांचे विजेते सुपर बोल खेळतात त्यातल्या एका गटाचा. २००३ ते २०२४ या बावीस हंगामांत एएफसीकडून सुपर बोल खेळायला गेलेले क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा हल्ला चालवणारे खेळाडू, बघा. जो फ्लॅको एकदा, जो बरो एकदा. उरलेल्या वीस वेळा पेट्रियट्सचा ब्रेडी, पेटन मॅनिंग, रॉथलिसबर्गर किंवा चीफ्सचा महोम्स. चार माणसं, वीस सुपर बोल. २०१० चा एक हंगाम सोडला तर कॅप सगळा काळ लागू होती.

हे असं का होतं हे समजून घेतलं तर दाव्याचा पायाच निसटतो. फुटबॉलमध्ये चेंडू जवळपास प्रत्येक चालीला क्वार्टरबॅकच्या हातातून जातो. बेसबॉलमध्ये जगातला सगळ्यात मोठा फलंदाज आणला तरी त्याची पाळी सामन्यात चार-पाच वेळाच येते, मधल्या वेळात बाकीचे आठ जण खेळतात. त्यामुळे असामान्य क्वार्टरबॅक हाती लागला की दहा-पंधरा वर्षांची ददात मिटते, आणि कॅप त्याच संघाला मदत करते. महोम्सला खुल्या बाजारात कुणी काय दिलं असतं याचा विचार करा. कॅपमुळे ती रक्कम एका हद्दीपलीकडे जाऊच शकत नाही, आणि जो फरक उरतो तो चीफ्सना स्वस्तात मिळालेला नफा आहे.

बरं, असा माणूस मिळतो कसा? पैशाने नाही. ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) १९९ वा निवडला गेला, म्हणजे बाकी सगळ्यांनी त्याला अनेकदा नाकारलं होतं. महोम्सची गोष्ट तर ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीच्या, शौकिनांनी पाठच करावी. २०१७ मध्ये दहाव्या क्रमांकाची निवड बफलो बिल्सकडे होती. चीफ्सनी आपली सत्ताविसावी निवड, तिसऱ्या फेरीतली एक आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची एक देऊन ती घेतली आणि महोम्सला उचललं. त्यानंतर बिल्स प्लेऑफमध्ये याच महोम्सकडून चार वेळा हरले. त्यातल्या जानेवारी २०२२ च्या सामन्यात तर बिल्स पुढे होते आणि घड्याळात अवघे १३ सेकंद उरले होते. दोघांचीही कॅप तेवढीच होती. चुकली ती अदलाबदल.

आयपीएलचं शेपूटही इथेच तोडून टाकू. २००८ ते २०२५ या अठरा हंगामांत मुंबई इंडियन्स पाच वेळा आणि चेन्नई पाच वेळा जिंकले. सारख्या पर्समधून दहा विजेतेपदं दोन घरांत गेली. पंजाब आणि दिल्ली अजून वाट बघताहेत.

आता मूळ आरोप, पैशाने विजेतेपद विकत मिळतं हा. यातलं अर्धं मला मान्य आहे. पैशाने मिळतं ते ऑक्टोबरचं, म्हणजे प्लेऑफचं, तिकीट. १६२ सामन्यांच्या लांबलचक हंगामात जखमी पिचरच्या (गोलंदाजाच्या) जागी दुसरा तितकाच चांगला पिचर उभा करायची ऐपत कामाला येते, आणि २०१३ ते २०२५ या तेरा हंगामांत डॉजर्सनी आपला विभाग बारा वेळा जिंकला तो त्या ऐपतीवर. पण त्या तेरा वर्षांत वर्ल्ड सिरीज किती? तीन. २०१९ मध्ये १०६ सामने जिंकून ते नॅशनल्सकडून हरले. २०२२ मध्ये १११ जिंकून पाद्रेजकडून. २०२३ मध्ये १०० जिंकून ॲरिझोनाकडून तीनही सामने हरले. ॲरिझोनाने त्या वर्षी अवघे ८४ सामने जिंकले होते आणि पगारखर्चात तो संघ खालच्या अर्ध्यात होता. हाच संघ पुढे वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला.

आणि २०२५ चा सातवा सामना आठवा. टोरोंटोत नवव्या डावात डॉजर्स ४-३ ने मागे होते, दोन बाद व्हायचे राहिले होते. बरोबरीचा होम रन मारला मिगेल रोहासने, ज्याची ओळख हातमोज्याची, म्हणजे क्षेत्ररक्षणाची, बॅटची नव्हे. त्याच डावाच्या उत्तरार्धात टोरोंटोचे तिन्ही बेस भरलेले असताना घरच्या बेसवरचा, म्हणजे विजयी रन मिळणार की नाही हा, निर्णय काही इंचांनी डॉजर्सच्या बाजूने गेला. अकराव्या डावात विल स्मिथने होम रन मारून निर्णायक आघाडी मिळवून दिली, तो त्यांनी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये घेऊन स्वतः घडवलेला. होय, आदल्याच दिवशी सुरुवात करून पुन्हा गोलंदाजीला उतरलेला यामामोतो साडेबत्तीस कोटी डॉलरचा होता, आणि त्याच्याशिवाय हे झालं नसतं. पैशाचा हात दिसतो तिथे दिसतोच. पण दोन इंच इकडे-तिकडे झाले असते तर आज हा दावा करायला कुणी राहिलंच नसतं.

पैसा पुरेसा असता तर मेट्सनी आत्तापर्यंत चषक ठेवायला कपाट केलं असतं. २०२३ मध्ये त्यांचा पगारखर्च बेसबॉलच्या इतिहासात तोवरचा सगळ्यात मोठा होता; ७५ जिंकले, ८७ हरले. १ ऑगस्टपर्यंत शर्झर आणि व्हर्लँडर या दोन्ही बड्या पिचरना विकून टाकलं आणि वर त्यांच्या पगाराचा मोठा हिस्साही आपणच भरला. शर्झर ज्या रेंजर्सकडे गेला त्यांनी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले, ओतानीपेक्षाही जास्त. २०२५ च्या जून महिन्यात आम्ही ४५-२४ अशा थाटात सगळ्या बेसबॉलच्या पुढे होतो. शेवट ८३-७९. सिनसिनाटीचेही तेवढेच विजय, आपसातल्या सामन्यांत ते सरस, त्यामुळे प्लेऑफमध्ये ते गेले आणि आम्ही टीव्ही बंद केला.

ओतानीचा करार ही पळवाट आहे, असाही एक मुद्दा असतो. ७० कोटींपैकी ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात मिळणार, आत्ता वर्षाला फक्त २० लाख. ऐकायला चलाखी वाटते. पण पुढे ढकललेला पगार प्रत्येक संघाला देता येतो. वॉशिंग्टनने २०१५ मध्ये शर्झरच्या २१ कोटींपैकी निम्मे असेच पुढे ढकलले होते, आणि मेट्स तर निवृत्त बॉबी बोनियाला २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे १२ लाख डॉलर देत राहणार आहेत. शिवाय लक्झरी टॅक्सच्या (ठरावीक हद्दीपलीकडच्या पगारखर्चावर संघाने भरायच्या कराच्या) हिशेबात ओतानीचे वर्षाला २० लाख धरले जात नाहीत, सुमारे ४.६ कोटी धरले जातात. २०२४ साठी डॉजर्सनी दहा कोटी डॉलरहून जास्त कर भरला. फुटबॉलवाले मात्र इथे हळूच गप्प बसतात. कारण साइनिंग बोनस आज रोख द्यायचा आणि कॅपच्या वहीत पाच वर्षांत वाटून लिहायचा, करारात खेळाडू खेळणारच नाही अशी खोटी वर्षं जोडायची, हे तिथलं रोजचं काम. रॅम्सनी तर २०२१ चा सुपर बोल पहिल्या फेरीच्या निवडी उधळून स्टॅफर्डसारखे तयार खेळाडू आणून जिंकला. याला कुणी विकत घेणं म्हणत नाही.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा: छोट्या शहरांचं काय? पिट्सबर्गचं उदाहरण हटकून येतं. त्याच शहरात फुटबॉलचे स्टीलर्स सदा टिकून आणि बेसबॉलचे पायरेट्स १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं विजयांपेक्षा पराभवच जास्त. फरक कॅपचाच ना? मग मिलवॉकीकडे बघा. बेसबॉलमधली सगळ्यात छोटी बाजारपेठ, पिट्सबर्गच्याच विभागात. तिथल्या ब्रूअर्सनी २०२२ मध्ये पिचर हेडर विकला, त्यातून आलेला एक खेळाडू पुढे फिरवून विल्यम कॉन्त्रेरास मिळवला. प्रशिक्षक काउन्सेल २०२३ नंतर शेजारच्या कब्जकडे गेला. २०२४ च्या हंगामाआधी त्यांनी बर्न्स विकला, नंतर डेव्हिन विल्यम्स. आणि २०२३, २०२४, २०२५ असा तीनदा विभाग जिंकला. २०२५ मध्ये तर ९७ विजयांसह सगळ्या बेसबॉलमध्ये पहिले. ऑक्टोबरमध्ये डॉजर्सच्या महागड्या पिचरनी त्यांना चार सामन्यांत चारच रन करू दिले, हेही खरं. पण जिथवर मिलवॉकी जाते तिथवर पिट्सबर्ग जात नाही, याचं कारण लॉस एंजेलिसमध्ये सापडणार नाही. ते मालकाच्या खिशात आणि त्याने नेमलेल्या माणसांत शोधावं लागेल.

फुटबॉलमध्ये छोटं शहर खरोखर टिकतं, हे मी नाकारत नाही. लाखभर वस्तीच्या ग्रीन बेमध्ये पॅकर्स आहेत. मात्र त्याचं श्रेय पगारावरच्या मर्यादेला देणं म्हणजे चुकीच्या माणसाला हार घालणं. १९६१ पासून, म्हणजे कॅपच्या तेहतीस वर्षं आधीपासून, फुटबॉल टीव्हीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा सगळ्या संघांत समसमान वाटतो. पॅकर्स दरवर्षी हिशेब जाहीर करतात, त्यात दिसतं की आता या सामाईक पैशातून प्रत्येक संघाला वर्षाला ४० कोटी डॉलरहून जास्त मिळतात. बेसबॉलमध्ये स्थानिक टीव्हीचा पैसा ज्याचा त्याचा असतो. डॉजर्सचा स्थानिक करार २५ वर्षांचा आणि ८०० कोटी डॉलरच्या वरचा. छोट्या संघांनी तो स्वप्नातही बघू नये. खरी दरी ही आहे. ती बुजवायची तर मालकांनी आपसात पैसे वाटून घ्यायला हवेत, आणि शिवाय किमान पगारखर्चाचीही अट हवी, म्हणजे वाटणीतून आलेला पैसा मैदानावर दिसेल. कॅपची मागणी करणाऱ्या मालकांना यातलं पहिलं सगळ्यात जड जातं. खेळाडूंच्या पगाराला टोपण लावणं त्याहून सोपं, कारण त्यात वाचलेला पैसा कुणाशीच वाटायचा नसतो.

बेसबॉलचा सध्याचा मालक-खेळाडू करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, आणि हा दावा आत्ताच इतक्या जोरात का फिरतोय याचं उत्तर त्या तारखेत आहे. कॅपसाठीचं मोठं भांडण याआधी १९९४ मध्ये झालं. तेव्हाही मालकांचं म्हणणं हेच होतं की छोट्या शहरांना वाचवायचंय. १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज झाली नाही. खेळ थांबला त्या दिवशी सगळ्या बेसबॉलमध्ये पहिल्या क्रमांकावर कोण होतं? ७४-४० अशी मजल मारलेला, पगारखर्चात तळाजवळ असलेला मॉन्ट्रियल एक्स्पोज. पुढच्या वसंतात पैसे वाचवायला त्यांनी ग्रिसम, वेटलँड आणि केन हिल विकले, लॅरी वॉकरला जाऊ दिलं. २००५ मध्ये तो संघच वॉशिंग्टनला हलवला गेला.