तीन महिन्यांत भाषा? आधी तास मोजा

बहुभाषिक माणसांबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वरचेवर फिरून येतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: इटलीतल्या कार्डिनल (बड्या कॅथलिक धर्मगुरू) मेझोफान्तीला ७२ भाषा येत, अशांचा मेंदूच वेगळा असतो, मोठेपणी भाषा शिकता येत नाही, तरीही रोज २० मिनिटं दिलीत तर ३ महिन्यांत कुठलीही भाषा अस्खलित येते, आणि मालवणीसारख्या बोली मोजायच्या नाहीत. मेंदूच वेगळा लागत असेल, तर ३ महिन्यांत कुणालाही कशी येईल, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

३ महिन्यांचा दावा सगळ्यात जास्त माणसं निराश करतो, म्हणून तो आधी. ९० दिवस गुणिले २० मिनिटं म्हणजे ३० तास. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला तिथे स्पॅनिशसाठी ६०० ते ७५० तास वर्गात बसावं लागतं, हिंदीसाठी साधारण १,१००, जपानी-अरबीसाठी २,२००. घरचा अभ्यास वेगळा. ३० तासांत नाव-गाव सांगता येतं, भाव विचारता येतो. समोरच्याने सांगितलेला भाव मात्र कळत नाही. गाडी अडते ती ऐकण्यात, कारण बोलताना शब्द आपण निवडतो, ऐकताना समोरचा निवडतो. म्हणून वेळ कमी असेल तर निम्मा वेळ ऐकण्याला द्यावा: एक मिनिटाचा तुकडा, आधी न वाचता ३ वेळा, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा न वाचता.

हे आकडे मराठी माणसाला जसेच्या तसे लागू नाहीत, हेही खरं. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. ‘तोक्योनी इकु’ म्हणजे ‘टोकियोला जातो’. ‘ला’च्या जागी ‘नी’. इंग्रज ज्या वाक्यरचनेला महिनोन् महिने चाचपडतो, ती आपल्याला आयती मिळते. पण रोजच्या वापराची म्हणून ठरवलेली जपानी लिपीतली २,१३६ कांजी चिन्हं कुणालाच आयती मिळत नाहीत.

आता ७२. मेझोफान्ती (१७७४–१८४९) खरोखर असामान्य होता, पण त्याच्या भाषांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. ‘येते’ म्हणजे काय हे आधी ठरवलं नाही की असंच होणार. प्रार्थना म्हणता येणं, वाचता येणं आणि भांडता येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय शिकलेली भाषा राखावी लागते. ७२ भाषांना आठवड्याला प्रत्येकी २ तास दिले तर १४४ तास झाले. आठवड्यात तास १६८. झोपायला रोज साडेतीन तासही उरत नाहीत, जेवणखाण सोडूनच द्या. प्रत्यक्षात अशा माणसांच्या थोड्याच भाषा ताज्या असतात, बाकीच्या बर्फातल्या मासळीसारख्या: बाहेर काढल्या की सुटायला वेळ लागतो.

१९९७ साली चिलीच्या टीव्हीवर ५० हून अधिक भाषांचा दावा करणाऱ्या एका पाहुण्याला वेगवेगळ्या भाषिकांनी साधे प्रश्न विचारले आणि तो जागच्या जागी अडखळला. म्हणून बहुभाषिकांच्या व्हिडिओतली पाठ केलेली ओळख हा पुरावा नव्हे. परीक्षा घ्यायचीच तर फोनवर पत्ता समजून घ्यायला सांगा.

मेंदूबद्दल. अनेक भाषा येणारा जर्मन दुभाष्या एमिल क्रेब्स १९३० साली वारला. त्याचा मेंदू जतन केलेला आहे आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषेशी संबंधित भागाची रचना इतरांपेक्षा वेगळी आढळली. पण मेंदू एकच, आणि तपासला तो आयुष्यभर भाषा घोटून झाल्यावर. जन्मतः तसा होता की घोटून तसा झाला, हे त्यावरून ठरत नाही. दुसरीकडे खुद्द मेझोफान्तीचे कागदाचे गठ्ठे बोलोन्याच्या ग्रंथालयात आहेत: एका बाजूला शब्द, उलट बाजूला अर्थ. दैवी देणगीला चिठ्ठ्या कशाला लागतात?

वयाचं थोडंसं खरं आहे. २०१८ च्या एका अभ्यासात सुमारे ६.७ लाख लोकांचं इंग्रजी व्याकरण तपासलं गेलं. नवं व्याकरण पकडण्याची ताकद साधारण १७ व्या वर्षापर्यंत टिकून मग उतरत गेलेली दिसली. उतरते, संपत नाही. मोठ्यांना नियम सांगितला की कळतो, हा त्यांचा फायदा. पोर्तुगीज शिकणाऱ्या मराठी माणसाला लिंग ही कल्पना नवी नसते, पण तिथेच तो फसतो: चावी (‘शाव्’) तिकडेही स्त्रीलिंगी, बादली ज्यातून आली तो ‘बाल्द’ मात्र पुल्लिंगी. म्हणून नाम कधी सुटं पाठ करू नये. ‘उ बाल्द’, ‘अ शाव्’ असं लिंग दाखवणाऱ्या आर्टिकलसकट करावं.

राहिला ‘बोली मोजू नका’. कोंकणीला साहित्य अकादमीने १९७५ साली स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या दिवशी तिच्या व्याकरणात काही बदललं नव्हतं. चौलजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज सत्ता १७४० साली गेली, पण पोर्तुगीजमधून घडलेली बोली घरांत राहिली. तिथली माणसं घरात ती बोलतात, बाहेर मराठी. त्यांना एकभाषिक म्हणायचं?

मालवणी येणाऱ्याला कोंकणी अर्धी आलेलीच असते: माका–म्हाका, तुका–तुका, आसा–आसा. घोटाळा उरलेल्या अर्ध्यात होतो. मालवणीत ‘जातंय’ म्हणजे जातो. कोंकणीत जाण्याला ‘वता’ आणि ‘जाता’ म्हणजे होतं. ‘माका व्हया’चं (मला हवं) ‘म्हाका जाय’ होतं, आणि नवख्याला वाटतं आपल्याला कुणी जायला सांगतंय. बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाने पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे शब्द आधी वहीत काढावेत, प्रत्येकाचं एक वाक्य करावं, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ‘म्हाका एक किलो जाय’ म्हणून बघावं. बाईने भाव मराठीत सांगितला तर उच्चार पकडला गेला. कोंकणीतच सांगितला, तर मग घासाघीसही कोंकणीतच करावी लागेल.