शेण उचलायची फी

उन्हाळी शिबिरं दोन प्रकारची असतात. निवासी शिबिराला मूल एकदा जातं आणि एकदाच परत येतं. मधल्या काळात तिथे जे काही घडतं ते तिथेच राहतं. दिवसाच्या शिबिरातून मूल रोज संध्याकाळी घरी येतं. शिबिर चित्रकलेचं असेल तर सोबत चित्र येतं. नाट्याचं असेल तर अभिनय येतो, तो पाहावा लागतो. शिबिर शेतावरचं असेल तर शेत येतं. थोडं बुटांच्या खाचांतून, थोडं खिशांतून, थोडं केसांतून. दुसरा आठवडा लागेपर्यंत आमच्या न्हाणीघराच्या मोरीत पेरणी करता आली असती.

माहितीपत्रक मात्र सुरेख होतं. 'हे सहलीसाठी सजवलेलं शेत नाही. हे चालतं शेत आहे. मुलं इथे खरं काम करतील.' ही तीन वाक्यं वाचून कुठल्याही आईबापाला गहिवरून येईल. आमच्या लेकीला जेवल्यावर ताट उचलायला सांगितलं की आधी पाय दुखतात, मग पोट दुखतं, आणि दुखायला काही उरलंच नाही तर अभ्यास आठवतो. ती खरं काम करणार! आम्ही त्याच दिवशी पैसे भरले. दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण आपल्या मुलीने उचलावं म्हणून आपणच त्या दुसऱ्याला फी देतोय, हा हिशेब नवऱ्याने नंतर मांडून दाखवला. असे हिशेब तो नेहमी पावती फाटल्यावरच मांडतो.

चालतं शेत म्हणजे काय, ते वेळापत्रकाचं काय होतं यावरून कळतं. नऊ ते दहा गोठ्याची ओळख, दहा ते अकरा भाजीचे वाफे, अकराला सावलीत गोष्ट, असं सगळं रंगीत कागदावर छापलेलं होतं. जनावरांना ते कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. नऊ वाजता एक शेळी कुंपणाच्या जाळीत डोकं अडकवून उभी असायची. दहाला पंप बंद पडायचा. गोष्टीच्या वेळी वासरू दावं तोडून मक्यात शिरायचं आणि गोष्ट सांगणाऱ्या मावशी पहिल्या वाक्याला सगळं सोडून पळत सुटायच्या. 'एक होता राजा' याच्या पुढे त्या राजाचं काय झालं, हे त्या शिबिरातल्या एकाही मुलाला आजतागायत माहीत नाही. शेळीचं डोकं जाळीतून कसं काढायचं, हे मात्र प्रत्येकाला येतं. "आधी शिंगं मागे, मग मान तिरकी," लेकीने मला रात्री उशीवर प्रात्यक्षिक दाखवलं, "आणि मागून गेलीस तरी तिला कळतं. तिच्या डोळ्यातल्या बाहुल्या आडव्या असतात, तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं." शाळेत हिला फळ्यावरचंसुद्धा दिसत नाही अशी तक्रार आहे.

शेतावर लहान मुलांना देण्याजोगं काम तसं थोडंच असतं. ट्रॅक्टरजवळ जायचं नाही. विहिरीकडे फिरकायचं नाही. कोयत्याला हात लावायचा नाही. फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप. असं एकेक वजा करत गेलं की बाकी शेण उरतं, आणि ते भरपूर उरतं. मोठ्या जातीची दुभती गाय दिवसाला सहज पंचवीस-तीस किलो शेण टाकते. रविवारीही टाकते. एवढं अभ्याससाहित्य, तेही रोज ताजं, कुठल्या शाळेला परवडणार? मुलं घमेली भरायची, खताच्या खड्ड्यावर नेऊन ओतायची, आणि कुणाचं घमेलं जास्त भरलं यावरून भांडायची. ज्या घरात 'तुझं कपाट कधी आवरणार' यावर महिनोन्‌महिने वाटाघाटी चालतात, त्या घरातली मुलगी शेणाची पाटी आपल्याला मिळाली नाही म्हणून रडून आली. मी तिची समजूत काढली. उद्या नक्की मिळेल म्हटलं. आईपणात अशी वाक्यं बोलावी लागतील याची कुणी कल्पना दिली नव्हती.

वासाबद्दल फार लिहीत नाही. पहिले काही दिवस घरात शिरताना तो जाणवतो, नंतर आपण लोकांना जाणवायला लागतो.

आता पालकांच्या पाळीकडे येते. अर्जात अगदी तळाशी, बारीक अक्षरात, प्रत्येक पालकाने किमान एक दिवस मदतनीस म्हणून यावं असं होतं. माझ्या पाळीच्या दिवशी धारा काढणं होतं. एरवी तिथे यंत्राने दूध काढतात, पण मुलांसाठी एक शांत स्वभावाची गाय हाताने पिळायला ठेवली होती. तिचा स्वभाव खरंच शांत होता. आमचा नव्हता. वीस मुलं "मी आधी, मी आधी" करत होती, आणि एक वडील आपल्या मुलाचा फोटो काढण्यासाठी फ्लॅश मारत गोठाभर फिरत होते. गायीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि दूध द्यायचं नाही असं ठरवलं.

"पान्हा चोरला तिने," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी मुलांना समजावलं की गाय निवांत असली, कास हळू चोळली, कोमट पाण्याने धुतली, की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध सडांत उतरतं. गाय घाबरली की ॲड्रेनलिन आडवं येतं, मग कितीही ओढा, दूध वरच राहतं. मुलं लगेच चिडीचूप झाली. फ्लॅशवाल्या वडिलांना त्यांच्याच मुलाने हाताला धरून गोठ्याबाहेर नेऊन उभं केलं. गायीने थोडा वेळ रवंथ केला, सगळं ठीक आहे अशी खात्री करून घेतली, आणि पान्हा सोडला.

माझी पाळी आली तेव्हा मला कळलं की सड ओढायचा नसतो. अंगठा आणि पहिलं बोट यांनी वर बंद करायचं आणि बाकीची बोटं एकेक करून खाली मिटत आणायची. हे मला माझ्या लेकीने सांगितलं. ज्या स्वरात सांगितलं तो स्वर माझा होता. गृहपाठाच्या वेळी मी तो वापरते. "आई, लक्ष कुठे आहे तुझं? परत कर." मी परत केलं. धार निघाली आणि थेट माझ्या बाहीत गेली. दूध चांगलंच गरम असतं. गायीच्या अंगाचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला झालं तर आपण शाळा बुडवू इतकं.

तिथून मला कोंबड्यांकडे पाठवण्यात आलं, बढती म्हणून की शिक्षा म्हणून ते कळलं नाही. खुराड्यात मुलांचा एक घोळका एका कोंबडीसमोर मांडी घालून बसला होता. ती आत्ता अंडं घालणार अशी पक्की बातमी होती. एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यामुळे कोंबडीची वेळ दर दिवशी थोडी थोडी पुढे सरकते, आणि काल याच वेळेला घातलं म्हणून आज याच वेळेला घालेल असं नसतं. मुलांना हे सांगून झालं होतं. तरी ती बसली होती. कोंबडीही बसली होती. एवढी माणसं आपल्याकडे टक लावून बघत असताना तुम्हीआम्हीही काही निर्माण करू शकलो नसतो.

"कोंबडीखालून अंडं काढताना हात सरळ आत घालायचा, विचार करत बसायचं नाही," मावशींनी सांगितलं होतं. मी विचार केला. तेवढ्यात कोंबडीने चोच मारली. लेकीने शेजारच्या मुलीला माझी ओळख करून दिली, "ही माझी आई. नवीन आहे."

कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला चोच मारायची याची एक ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एबे यांनी लहानपणापासून कोंबड्यांवर नजर ठेवून शोधलं आणि १९२१ साली प्रसिद्ध केलं. वरची कोंबडी सगळ्यांना मारते, दुसरी वरची सोडून सगळ्यांना, आणि सर्वांत खालची गपचूप उरलेले दाणे टिपते. त्यांना पालक मदतनीस पाहायला मिळाले असते तर एवढी वर्षं घालवावी लागली नसती. ज्या आईचं बालपण शेतावर गेलं होतं ती दुपारपर्यंत सगळ्यांना सूचना द्यायला लागली. तिच्याखाली घरी कुंड्यांत टोमॅटो लावणाऱ्या दोघी. त्यांच्याखाली एक पशुवैद्यक बाबा, कारण ते फक्त मांजरांचे डॉक्टर निघाले. मी तळाशी, झाडू घेऊन. माझ्या खाली फक्त फ्लॅशवाले वडील होते, आणि मान्य करायला हरकत नाही, मी त्यांना दोनदा चोच मारली.

घरी आल्यावर वेगळंच राज्य सुरू झालं होतं. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचे, मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, हे मावशींचं वाक्य. मी तेच वाक्य ही मुलगी चालायला लागल्यापासून म्हणत आलेय. पण मी गाय पाळलेली नाही, त्यामुळे माझ्या म्हणण्याला वजन नव्हतं. आता ती माझे हात उलटेसुलटे करून तपासायला लागली. भाजीच्या साली कचऱ्यात टाकल्या की धावून यायची. नळ जरा जास्त वेळ चालू राहिला की 'दुभती गाय दिवसाला किती पाणी पिते माहितेय का' अशी सुरुवात व्हायची. आणि जेवण झालं की ताट तिथेच ठेवून उठायची. "मावशींकडे तर घमेली उचलतेस," मी म्हटलं. "ते खरं काम आहे," ती म्हणाली.

घरचं झालं थोडं म्हणून एके संध्याकाळी ती एका जुन्या डब्यात गांडुळं घेऊन आली. डब्याला भोकं पाडलेली, आत ओला पालापाचोळा आणि कागदाचे कपटे. ती आता स्वयंपाकघरात राहणार आणि सालींचं खत करणार असं मला कळवण्यात आलं. नवऱ्याने धीर करून विचारलं की ती आवाज वगैरे करतात का. "त्यांना ऐकू येत नाही," लेक म्हणाली, आणि हे खरं आहे. चार्ल्स डार्विनने उतारवयात गांडुळांवर काम केलं, तेव्हा घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवून त्यांच्यासमोर शिट्ट्या फुंकल्या, बासून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. ती ढिम्म. कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र ती बिळात पळाली, कारण हादरा जाणवला. १८८१ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, डार्विनने हे सगळं छापलं. त्या घरातल्या बाकीच्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. कुणीतरी जेवायला बोलावत असेल, आणि हा माणूस म्हणत असेल, थांबा, गांडुळांची बासूनची वेळ आहे. आमच्याकडे बासून नाही. लेकीने प्रयोगासाठी मिक्सर लावला. शेजारून दारावर थाप आली. गांडुळं काही आली नाहीत.

शिबिर संपेल त्या दिवशी सगळं मिटेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण मध्येच एक कोंबडी खुडूक बसली. मुलांनी तिच्याखाली अंडी ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलीने खूण केली, आणि मग कुणीतरी बोटांवर मोजलं. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात. शिबिर त्याआधीच संपत होतं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली तेव्हा एकही मूल टाळ्या वाजवत नव्हतं, सगळी खुराड्याकडे बघत होती. मावशींनी जाहीर केलं की ज्यांना पिल्लं बघायची आहेत त्यांनी त्या दिवशी आईबाबांना घेऊन सकाळी लवकर यावं.

आम्ही गेलो. सगळेच आले होते, कुटुंबंच्या कुटुंबं, फ्लॅशवाले वडीलही, पांढरेशुभ्र बूट घालून. एका अंड्याला बारीकशी चीर गेली होती. आतून पिल्लू चोचीच्या टोकावरच्या छोट्या कठीण दाताने कवच टोकरत होतं. मुलं श्वास रोखून बसली.

"मदत करायची नाही हं कुणी," मावशी म्हणाल्या. "त्याचं त्याला येऊ द्यायचं. चीर गेल्यावर पूर्ण बाहेर पडायला तासन्‌तास लागतात. कधीकधी अख्खा दिवस."

"अख्खा दिवस?" पांढरे बूटवाले म्हणाले. "मग तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

मावशींनी गोठ्याकडे पाहिलं. शिबिर संपल्यापासून तिथे घमेली उचलायला कुणी आलेलं नव्हतं, हे लांबूनही कळत होतं.

"फावडी तिकडे कोपऱ्यात आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ताई, घाबरू नका. मोठ्यांना फी नाही."