आधी बांध, मग बंगले

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं अटलांटाहून गाडी काढून सवाना, ब्यूफर्ट, चार्ल्सटन असं पाच दिवस हिंडून आलो. फोटो टाकल्यापासून मेसेज येतायत, ‘कुठे राहिलात, काय काय बघायचं?’ राहण्याचं वेगळं कळवते. बघायचं काय, यावर मात्र माझं म्हणणं जरा लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

सवाना देखणं आहे, त्यात वाद नाही. जॉर्जिया राज्यातलं, ओगलथॉर्प नावाच्या इंग्रजाने १७३३ मध्ये वसवलेलं गाव, आखणी चौकाचौकांची. मूळच्या २४ चौकांपैकी २२ अजून आहेत. दोन मिनिटं चाललं की चौक, सावली, बाक. ओकच्या फांद्यांवरून जे करडं लोंबतं त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात. ते स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही, अननसाच्या कुळातलं झाड आहे. नवऱ्याने त्याला ‘जटा’ म्हणून टाकलं आणि पुढचे पाच दिवस तेच नाव चाललं. १९५४ मध्ये इथली जुनी मंडई पाडून पार्किंग उभारलं, तेव्हा सात बायका खवळल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी संस्था काढली आणि पडू घातलेली घरं वाचवायला लागल्या. आज आपण ज्यांचे फोटो काढतो त्यातली कितीतरी त्यांच्या हट्टापायी उभी आहेत.

पण माझी ट्रिप सुरू झाली ती तिसऱ्या दिवशी सकाळी, गावाबाहेर. पूल ओलांडून साउथ कॅरोलायनाच्या बाजूला पक्ष्यांचं अभयारण्य आहे, त्यात लॉरेल हिल ड्राइव्ह नावाचा कच्चा रस्ता. रस्ता कसला, मातीचा बांध आहे तो, दोन्हीकडे पाणी. नवरा मगरी शोधत होता. मी एकदम म्हटलं, “थांब, थांब!”

“मगर?”

“नाही रे, उघाडी!”

त्याला काय कळणार, तो कोल्हापूरचा, उसातला. मी अलिबागच्या खारपट्ट्यातली. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून मातीचा बाहेरकाठा घालतात आणि त्यात उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, बसवतात. भरतीला बंद, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर. बांधाला खांड गेली की सगळा गाव चिखलात. खारं पाणी एकदा आत आलं की दोन-तीन वर्षं जमीन रुसते. आणि इथे, अलिबागपासून अर्ध्या जगावर, तसाच बांध, तसाच चिखलाचा वास आणि बांधातून आरपार गेलेली लाकडी पेटी. दोन्ही तोंडांना उभे खांब, खांबांत वरखाली होणारी फळी, फळी अडकवायला भोकं. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. मी बोट घालून बघितलं.

इथे तिला ‘ट्रंक’ म्हणतात, कारण पूर्वी पोकळ केलेला झाडाचा बुंधाच बांधात घालत. काम मात्र आमच्या उलट. इथे भरती सात-आठ फुटांची. ती चढली की नदीचं गोडं पाणी मागे रेटलं जातं, तेव्हा फळी उचलून ते भातात घ्यायचं आणि ओहोटीला काढून टाकायचं. समुद्राजवळ गेलात तर पाणी खारं, फार वर गेलात तर भरतीचा जोर नाही. मधल्या नेमक्या पट्ट्यातच हे भात पिकायचं. हे ज्ञान गोऱ्या मालकांनी युरोपातून आणलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खारफुटी तोडून भात लावणारी माणसं होती, त्यांना गुलाम करून इथे आणलं. सायप्रस झाडांची दलदल तोडून मैलोन्‌मैल बांध त्यांनी घातले. फावड्याने. हिवाळ्यात गार चिखलात उतरून ट्रंका साफ करायच्या त्यांनीच, आणि तांदूळ कुटायचा, तोही त्यांनीच.

जॉर्जियात सुरुवातीला गुलामी चक्क बंद होती, १७३५ पासून. पण नदीपलीकडचे कॅरोलायनावाले भातावर गब्बर होताना दिसत होते. १७५१ मध्ये बंदी उठली.

आता गंमत बघा. भातखाचरं म्हणजे डास, आणि डास म्हणजे हिवताप. उन्हाळा लागला की मालक मंडळी मळ्यावरून पळ काढून गावातल्या घरी राहायला येत, थंडी पडेपर्यंत. चार्ल्सटनची ती प्रसिद्ध घरं आठवा. अरुंद बाजू रस्त्याला, लांब पडवी आतल्या अंगाला, वारा येईल अशी. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात नाही, पडवीत शिरतो आपण. ज्या पडवीला आपण ‘किती चार्मिंग’ म्हणतो ती हिवतापाला भिऊन आणि भाताच्या पैशातून आली. ज्यांना पळता येत नव्हतं ते खाचरातच होते.

एका बंगल्याची टूर घेतली, नाव नाही सांगत. गाईड गोड बोलणारी होती. झुंबर कुठून आलं, टेबल कोणत्या लाकडाचं, सगळं तोंडपाठ. जेवण रांधणाऱ्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, “द स्टाफ.” स्टाफ! जसा काही महिनाअखेर पगार व्हायचा. मी गप्प बसले, आणि त्याचा मला अजून राग येतोय. गप्प बसायला मला खरं तर तोंड नव्हतं. माझे आजोबा कूळ होते. आमच्याच तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी ओसाड टाकल्या. गुलामी आणि खोती एका मापाने मोजायची नाही, एवढं मला कळतं. पण खोताचा वाडा बघायला गेलं की ‘काय ते कोरीव खांब’ म्हणणारे आपणही आहोतच.

ब्यूफर्टला जाच. इथल्या बंगल्यांमागे भातापेक्षा बेटांवरचा कापूस जास्त. गुलामीवरून उत्तर आणि दक्षिण अमेरिकी राज्यांत जे यादवी युद्ध झालं, त्याच्या पहिल्याच वर्षी, नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजा आल्या, मालक पळाले, घरांची इस्पितळं झाली आणि म्हणून ती वाचली. प्रिन्स स्ट्रीटवर एक पांढरं घर आहे. त्याच्या मागच्या खोपटात १८३९ मध्ये रॉबर्ट स्मॉल्स गुलाम म्हणून जन्मला. मे १८६२ मध्ये त्याने चार्ल्सटनच्या बंदरातून प्लँटर नावाची बोट बायकामुलांसकट पळवली आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेला. आणि हे घर? करवसुलीच्या लिलावात त्यानेच विकत घेतलं. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. आम्ही फुटपाथवर उगाच दहा मिनिटं उभे होतो.

तिथून चार्ल्सटनला जाताना हायवे १७ कॉम्बाही नदी ओलांडतो. पुलाला हॅरिएट टबमनचं नाव आहे, स्वतः गुलामीतून पळून मग इतरांना सोडवणारी ती बाई. २ जून १८६३ ला ती उत्तरेच्या बोटी घेऊन या नदीत शिरली आणि सातशेच्या वर माणसं सोडवून नेली. भातखाचरांतून लोक धावत आले. तिने नंतर सांगितलेलं आहे, एका बाईच्या डोक्यावर भांडं होतं, चुलीवरून नुकताच उतरवलेला भात, वाफ निघतेय, आणि मागे पोर लटकलेलं. त्या दिवशी पाण्याची दारंही उघडली, शेतं बुडवली. पुलावर गाडी दीड मिनिटात पार होते. मी नवऱ्याला परत फिरवायला लावलं.

जेवणाचं एवढंच सांगते, तिथला टोमॅटो घातलेला लाल भात आणि चवळी घातलेला हॉपिन जॉन खा. तो भात खाताना मला आईचं सोडेभाताचं पातेलं आठवत राहिलं.

उघाडीचा फोटो मी त्याच सकाळी अलिबागला काकांना पाठवला होता. काकांचा फोन आला शेवटच्या संध्याकाळी, आम्ही पार्किंगचे पैसे भरून हळहळत होतो तेव्हा.

“फळी जुनी झालीय गं. खालून पाझरत असणार. बदलायला सांग त्यांना.”

“सांगते.”

“भात कुठला लावतात?”

“आता नाही लावत काका. शंभर वर्षं होत आली.”

“मग उघाडी कशाला ठेवलीय?”

“बदकांसाठी. हिवाळ्यात बदकं येतात. त्यांच्यासाठी पाणी घेतात-सोडतात.”

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

“बदकांसाठी,” काका म्हणाले.