शुभेच्छुकीची लागवड: नवशिक्यांसाठी चार गोष्टी

शुभेच्छुकी सदाहरित नाही, पण सदाहसरी आहे. नर्सरीत मिळत नाही. बी म्हणून पासपोर्ट फोटो पुरतो. कानाला मोबाईल लावलेला असेल तर उगवण शंभर टक्के.

माती तपासत बसू नका. मुरूम, काळी, पेव्हर ब्लॉक, सगळं चालतं. समोर सिग्नल मात्र हवा, म्हणजे तो झाकता येतो. लागवड रात्री बारानंतर. बांबू, सुतळी, शिडी आणि 'दादांनी सांगितलंय' एवढं वाक्य जवळ ठेवा. शेजारी वड असेल तर बांबूचाही खर्च वाचतो. चार इंची खिळे थेट बुंध्यात ठोका. नाहीतरी वड तिथे रिकामाच उभा असतो.

सकाळी बघाल तर रोप वीस फूट. मधोमध वाढदिवसाचं मुख्य फळ, हात जोडलेलं, गॉगल घातलेलं. शेंड्याला नेतेमंडळी, मानाच्या क्रमाने. हा क्रम चुकला तर अख्खं झाड एका फोनवर वाळतं, सांभाळा. बुडाशी घोसाने लगडलेले चिन्या, बाळ्या, पप्पू आणि समस्त मित्र परिवार. प्रत्येकाने वर्गणी काढलेली असते, त्यामुळे जागा पुरली नाही तर मजकूर छाटा, मुंडकी नको.

बीजप्रसाराला वारा-पाखरं लागत नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या गटाने नुसतं पाहिलं, की तिथे आठवड्यात दीडपट मोठं रोप.

सर्वात चिवट वाण 'भावी नगरसेवक'. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणुका लांबत गेल्या, आणि या वाणाला फळ न धरताच बहरावर बहर आले.

किडीला घाबरू नका. 1995 चा मालमत्ता विरूपणाचा कायदा आहे खरा, पण दंड दोन हजारांपर्यंत. तेवढ्यात एक बरा फ्लेक्स होत नाही. 2017 साली हायकोर्टानेही कडक फवारणी केली. पीक जोमात आहे. पालिकेची गाडी येते, पण केक कापून झाल्यावर. तीही शिष्टाचार पाळते.

हंगाम संपला तरी झाड कुजत नाही, जात प्लॅस्टिकची. आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्याने गेल्या वर्षीचे साहेब छपरावर उलटे अंथरलेत. पाऊस वाढला की पाणी साहेबांच्या मिशीवरून ओघळून नेमकं कढईच्या काठाशी ठिबकतं. भजीवाला शिव्या घालतो आणि कढई वीतभर अलीकडे सरकवतो.