खाडीच्या वाट्याला किती टीएमसी?

म्हादई म्हणजे खाली येऊन आमची मांडवी होणारी नदी. तिच्या पाणीवाटपाचा विषय निघाला की आम्ही गोंयकार लगेच बाह्या सरसावतो. सरसावायलाच हव्यात. २०१८ मध्ये पाणीतंटा लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आकडे तोंडपाठ आहेत. पण खाली खाडीला किती, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

"पावसाचं पाणी समुद्रात वाया जातं" हे वाक्य कर्नाटकाच्या तोंडून ऐकलं की आपला संताप होतो. तेच वाक्य आपल्याकडे नवा बंधारा मंजूर करताना म्हटलं की टाळ्या! मांडवीतल्या चोडण-दिवाडी बेटांवरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, जाऊन बघा. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणदाराचं, लाकडी दार भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं; आतलं पाणी बाहेर, खारं पाणी बाहेरच्या बाहेर. पावसाने मातीतलं मीठ धुतलं आणि नदीचाही खारटपणा उतरला, की मग कोरगूट हा खार सोसणारा भात पेरायचा. त्याच मानशीच्या तोंडाला जाळं लावून सुंगटं (कोळंबी) धरायची. हा सगळा संसार वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर चालतो. उन्हाळ्यात नदी आटते, भरती खारं पाणी पार आतपर्यंत नेते. तेव्हा वरून येणारी बारीक धारही अडवली, तर खार आणखी वर चढणार.

नळाला पाणी नको असं कोण म्हणेल? बार्देशात माझी नणंद मे महिन्यात टँकरची वाट बघत बसते. तिला खारफुटीचं महत्त्व सांगायची माझी तरी हिंमत नाही. पण फुटलेल्या पाइपातून रस्त्यावर वाहणारं पाणी आणि हॉटेलांच्या हिरवळीवर उडणारे फवारे आधी बघा की. हिरवळीला सांडपाणी शुद्ध करून द्यावं. नदीला हात शेवटी.

अमेरिकेची कोलोरॅडो घ्या. लॉस एंजेलिस, लास वेगास तिचं पाणी पितात, त्याहून जास्त शेतीला जातं. त्यामुळे मेक्सिकोतला तिचा त्रिभुज प्रदेश सुकून गेला. दोन्ही देशांनी करार करून २०१४ च्या वसंतात मोरेलोस धरणातून सुमारे आठ आठवडे पाणी सोडलं, १३ कोटी घनमीटर. आपल्या हिशेबात साडेचार टीएमसी. बरंचसं वाळूतच मुरलं, तरी मे महिन्यात नदी कित्येक वर्षांनी समुद्राला टेकली. काठावर विलोच्या झाडांची रोपं उगवली. तिथली टंचाई काही संपली नव्हती. तरी नदीचा वाटा आधीच कागदावर लिहिला होता, म्हणून पाणी सुटलं.

आपल्या २४ टीएमसीच्या नियोजनातही मांडवीचा असा वाटा महिनावार लिहून ठेवा. पुढच्या वेळी मतं मागायला दारात कुणी आलं, की मी एप्रिल-मेचा आकडा विचारणार आहे.